लॅपटॉपवर कुबरनेटीज क्लस्टरचं नेटवर्क उभारताना: पॅकेट खरंच तुमच्या राउटरमधून जातंय का?

लॅपटॉपवर कुबरनेटीजचा (कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) चार नोडचा, म्हणजे चार मशीनचा, क्लस्टर उभा राहतो, त्याला लीफ (प्रत्येक रॅकचे) आणि स्पाइन (लीफना एकमेकांशी जोडणारे) राउटर जोडले जातात, बीजीपी (राउटरनी एकमेकांना रूट कळवण्याचा प्रोटोकॉल) सेशन ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतं आणि एका रॅकमधल्या पॉडवरून (कुबरनेटीज एकत्र चालवतो तो कंटेनरांचा गट) दुसऱ्या रॅकमधल्या पॉडला पिंगही लागतो. तरीही ती चाचणी खोटी असू शकते, कारण पॅकेट राउटरकडे फिरकलेलंच नसतं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने सगळ्या नोडना एक सामाईक ब्रिज (आभासी स्विच) आधीच दिलेला असतो आणि सगळी रहदारी गुपचूप त्यावरून वाहते. मग लिंक तोडली तरी काही बिघडत नाही, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) चुकला तरी कळत नाही, आणि खरा बिघाड थेट प्रॉडक्शनमध्ये समोर येतो.

बहुतेक जण चुकतात ते पायऱ्यांच्या क्रमात आणि पडताळणीत. म्हणून इथे एकच मांडणी शेवटपर्यंत नेली आहे: काइंडचा (डॉकर कंटेनरनाच नोड बनवणारं साधन) क्लस्टर, कंटेनरलॅबने (कंटेनरांमध्ये आभासी केबल जोडणारं साधन) जोडलेल्या लिंक, एफआरआरचे (राउटिंगचं मुक्त सॉफ्टवेअर) राउटर आणि सीएनआय (पॉडना नेटवर्क देणारा प्लगइन) म्हणून सिलियम. आज्ञांची आणि फाइलमधल्या रकान्यांची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

## १. आधी पत्ते आणि एएस क्रमांक ठरवा

हे काम कागदावरच करा. (एएस क्रमांक म्हणजे बीजीपीतली एखाद्या नेटवर्कची ओळख.) फाइल लिहिता लिहिता पत्ते सुचवत गेलात, तर तिसऱ्या लिंकपासून गोंधळ सुरू होतो.

आपल्या मांडणीत दोन स्पाइन, दोन लीफ, चार नोड आणि बाहेरचा एक क्लायंट आहे. प्रत्येक लीफ दोन्ही स्पाइनला जोडलेला आहे. कंट्रोल-प्लेन (क्लस्टरचा कारभार पाहणारा नोड) आणि पहिला वर्कर (पॉड चालवणारा नोड) लीफ१ खाली, उरलेले दोन वर्कर लीफ२ खाली, आणि क्लायंट स्पाइन१ ला.

- नोडच्या लिंक: १०.०.१.०/२४ ते १०.०.४.०/२४. प्रत्येकीत लीफ .१ वर, नोड .२ वर.
- लीफ ते स्पाइन: १०.०.१००.० पासून /३१ च्या चार जोड्या.
- क्लायंट: १०.०.५०.२/२४, समोर स्पाइन१ वर १०.०.५०.१.
- पॉड: १०.१.०.०/१६, त्यातून प्रत्येक नोडला एक /२४.
- लोडबॅलन्सरचे (बाहेरून सर्व्हिसकडे येण्याचे) पत्ते: १०.२००.०.०/२४.
- एएस: दोन्ही स्पाइन ६५०००, लीफ१ ६५१०१, लीफ२ ६५१०२, रॅक१ चे नोड ६५२०१, रॅक२ चे नोड ६५२०२.

दोन्ही स्पाइनना एकच एएस देण्यामागे कारण आहे. स्पाइन१ चा रूट लीफमार्गे स्पाइन२ कडे पोहोचला, तर स्पाइन२ ला त्यात स्वतःचाच एएस दिसतो आणि तो रूट नाकारला जातो. त्यामुळे लिंक तुटल्यावर रहदारी लीफवरून खाली-वर हेलपाटे घालत नाही.

सावध: काइंडचं डॉकर नेटवर्क बहुधा १७२.१८.०.०/१६ वर येतं आणि कंटेनरलॅबचं व्यवस्थापन नेटवर्क १७२.२०.२०.०/२४ वर. ऑफिसचा व्हीपीएन याच पट्ट्यात असेल तर आताच बदल करा.

## २. यजमान मशीन तयार करा

कंटेनरलॅबला लिनक्स लागतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल२ आणि मॅकवर लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन घ्या. ८ जीबी मेमरीत काम भागतं, पण चाचणीचं अॅप्लिकेशन जड असेल तर १६ जीबी हवीच.

पहिला फटका बसतो तो आयनोटिफायच्या (फाइलमधले बदल कळवणारी कर्नलची सोय) मर्यादेचा. काइंडचा प्रत्येक नोड म्हणजे पूर्ण सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) चालवणारा कंटेनर. मर्यादा कमी असेल तर तिसरा-चौथा नोड उठतच नाही, किंवा पॉड ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत कोसळत राहतात. सिसकंट्रोलमध्ये ‘मॅक्स यूजर वॉचेस’ ५२४२८८ आणि ‘मॅक्स यूजर इन्स्टन्सेस’ ५१२ करा, आणि हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर तीच रड.

लागणाऱ्या सगळ्या इमेज (कंटेनर ज्यांतून बनतात ते साचे) आधीच उतरवून ठेवा आणि त्यांना ठरावीक आवृत्तीचा टॅग द्या. ‘लेटेस्ट’ टॅग असेल तर कुबरनेटीज ती इमेज प्रत्येक वेळी बाहेरून ओढू पाहतो. तुम्ही ती काइंडमध्ये लोड केली असली तरी उपयोग होत नाही.

## ३. क्लस्टर उभारा, पण सीएनआयशिवाय

काइंडच्या फाइलमध्ये नेटवर्किंगखाली ‘डिसेबल डीफॉल्ट सीएनआय’ ट्रू करा आणि पॉड सबनेट १०.१.०.०/१६ द्या. पुढची ओळ बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: प्रत्येक नोडच्या कुबअॅडमिन (क्लस्टर उभारणारं साधन) पॅचमध्ये, कुबलेटच्या (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा प्रोग्राम) जादा आर्ग्युमेंट्समध्ये ‘नोड-आयपी’ म्हणून आपला पत्ता द्यायचा. कंट्रोल-प्लेनला १०.०.१.२, पुढच्या तिघांना १०.०.२.२, १०.०.३.२ आणि १०.०.४.२. सोबत रॅकचं लेबलही लावा. कंट्रोल-प्लेनचा पॅच ‘इनिट कॉन्फिगरेशन’ प्रकारात लिहायचा, वर्करचा ‘जॉइन कॉन्फिगरेशन’ प्रकारात. प्रकार चुकला तर पॅच लागू होत नाही, आणि तशी तक्रारही कुणी करत नाही.

हे का करायचं? नोड-आयपी दिला नाही तर काइंड डॉकर ब्रिजवरचा १७२.१८ चा पत्ता नोडचा पत्ता म्हणून नोंदवतो. सीएनआयचे बोगदे (एका पॅकेटच्या पोटात दुसरं पॅकेट नेणारे मार्ग) आणि नोड-ते-नोड संवाद याच पत्त्यावर चालतात. म्हणजे व्हीएक्सलॅन (अशा बोगद्याचा एक प्रकार) वापरणारा क्लस्टर राउटरना पूर्ण बगल देतो.

‘वेट’चा पर्याय देऊ नका. १०.०.१.२ हा पत्ता अजून कुठल्याच इंटरफेसवर नाही, सीएनआयही नाही, त्यामुळे नोड ‘रेडी’ होणारच नाहीत आणि आज्ञा मुदत संपेपर्यंत लटकेल.

तपासा: नोडची विस्तृत यादी काढा. चारही नोड ‘नॉट रेडी’ आणि इंटर्नल-आयपीचा रकाना रिकामा हवा. तिथे १७२.१८ दिसलं तर पॅच लागलेला नाही. पुढे जाऊ नका, क्लस्टर पाडून पुन्हा करा.

## ४. लिंक जोडा

कंटेनरलॅबच्या टोपोलॉजी फाइलमध्ये राउटर आणि क्लायंट ‘लिनक्स’ प्रकाराचे, आणि काइंडचे नोड ‘एक्स्ट-कंटेनर’ प्रकाराचे. या दुसऱ्या प्रकारात नोडचं नाव डॉकरमधल्या कंटेनरच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. क्लस्टरचं नाव ‘लॅब’ असेल तर पहिला वर्कर ‘लॅब-वर्कर’, त्यानंतर ‘लॅब-वर्कर२’ आणि ‘लॅब-वर्कर३’. ‘वर्कर१’ असं काही नसतं. नावं न जुळण्याचं हेच सगळ्यात सामान्य कारण.

ईथ० हा इंटरफेस डॉकरचा. आपल्या लिंक ईथ१ पासून सुरू करा.

प्रत्येक लिंकला एमटीयू १५०० स्पष्ट लिहा. कंटेनरलॅब स्वतःहून ९५०० देतं, आणि तेवढ्या मोठ्या पाइपमध्ये एमटीयूची एकही चूक उघडी पडत नाही. प्रॉडक्शनमध्ये जंबो फ्रेम (१५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेटं) खरोखर असतील तरच तो आकडा ठेवा.

नोडच्या ‘एक्झेक’ भागात दोन आज्ञा लिहा: ईथ१ ला पत्ता देणं आणि १०.०.०.०/८ साठी लीफच्या .१ पत्त्यावर रूट टाकणं. क्लायंटलाही तसाच रूट, स्पाइन१ मार्गे.

बरेच जण इथे नोडचा डीफॉल्ट रूटच लीफकडे वळवतात. तसं केलं की नोडचं इंटरनेट जातं आणि थोड्याच वेळात ‘इमेज पुल बॅकऑफ’ची रांग लागते, मग राउटरवर मास्करेड (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं), त्याचे अपवाद, असा पसारा वाढत जातो. डीफॉल्ट रूट डॉकरकडेच राहू द्या आणि फक्त लॅबचे पत्ते राउटरकडे पाठवा. डीफॉल्ट रूटचीच चाचणी करायची असेल, तेव्हाच तो पसारा अंगावर घ्या.

तपासा: प्रत्येक नोडवरून आपल्या लीफच्या .१ ला पिंग. मिनिटभरात नोडच्या यादीत इंटर्नल-आयपीखाली १०.० चे पत्ते उमटायला हवेत.

## ५. राउटर आधी एकटे चालवून पाहा

एफआरआरच्या ‘डेमन्स’ फाइलमध्ये बीजीपीडी (बीजीपी चालवणारा प्रोग्राम) मुळात बंद असतो. तो ‘यस’ करा. त्यानंतर प्रत्येक राउटरवर शेजारी आणि स्वतःचे सबनेट लिहा. दोन गोष्टी इथे हमखास अडवतात.

पहिली: एफआरआरमध्ये ई-बीजीपी (दोन वेगळ्या एएसमधल्या) सेशनला इनकमिंग आणि आउटगोइंग पॉलिसी नसेल तर सेशन जुळतं, पण एकही रूट ये-जा करत नाही. सारांशात प्रीफिक्सच्या संख्येच्या जागी ‘पॉलिसी’ असा शब्द दिसतो. लॅबसाठी ‘ई-बीजीपी रिक्वायर्स पॉलिसी’ बंद केलं तरी चालतं. प्रॉडक्शनची हुबेहूब नक्कल हवी असेल तर तिथल्याच रूट-मॅप आणा.

दुसरी: ‘रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड’ लिहिण्याचा मोह. त्याने १७२.२०.२०.०/२४ हे व्यवस्थापन नेटवर्कही बीजीपीत पसरतं. त्याऐवजी ‘नेटवर्क’ ओळीने हवे तेवढेच सबनेट जाहीर करा.

आता एक असा उपाय जो फार थोडे जण करतात, पण ज्याशिवाय या लॅबवर विश्वास ठेवता येत नाही. चारही राउटरच्या कर्नलमध्ये १०.०.०.०/८ चा ब्लॅकहोल रूट (पॅकेट तिथेच फेकून देणारा) टाका. राउटरलाही ईथ० वर डीफॉल्ट रूट असतो. बीजीपीचा रूट हरवला की पॅकेट तिथून बाहेर पडतं, यजमान मशीनमार्गे कुठेतरी भटकतं, आणि नेमकं काय चुकलं ते कळत नाही. ब्लॅकहोल असला की हरवलेला रूट तिथल्या तिथे उघडा पडतो. बीजीपीचे रूट /२४ किंवा त्याहून नेमके असल्यामुळे ब्लॅकहोल त्यांच्या आड येत नाही.

तपासा: लीफ१ च्या रूटिंग टेबलमध्ये १०.०.३.०/२४ साठी दोन नेक्स्ट-हॉप (पुढचे राउटर) हवेत, प्रत्येक स्पाइनचा एक. एकच दिसला तर एखादं लीफ-स्पाइन सेशन पडलेलं आहे. नंतर कंट्रोल-प्लेनवरून १०.०.४.२ ला पिंग करा. तो लागेपर्यंत सीएनआयला हात लावू नका.

## ६. आता सीएनआय

क्रम महत्त्वाचा. ईथ१ आणि इंटर्नल-आयपी येण्याआधी सिलियम बसवला, तर त्याचा एजंट चुकीचा इंटरफेस धरून बसतो आणि नंतर त्याचे सगळे पॉड रीस्टार्ट करावे लागतात.

बसवताना: आयपॅम (पत्ते वाटण्याचा) मोड कुबरनेटीज, राउटिंग मोड नेटिव्ह (बोगद्याविना), नेटिव्ह राउटिंग सीआयडीआर (पत्त्यांचा पट्टा) १०.०.०.०/८, आणि बीजीपी कंट्रोल प्लेन चालू. सीआयडीआरच्या जागी फक्त पॉड सबनेट दिलं तर क्लायंटकडे जाणाऱ्या पॅकेटवर नोडचा पत्ता चढतो, आणि पॉडचा खरा पत्ता पलीकडे कधीच दिसत नाही.

नोड ‘रेडी’ होतील. पण दोन वेगळ्या नोडवरचे पॉड अजून एकमेकांना भेटू नयेत. राउटरना पॉडचे सबनेट ठाऊक नाहीत, त्यामुळे पॅकेट ब्लॅकहोलमध्ये जायला हवं. हे अपयशच इथे यशाची खूण आहे. या टप्प्यावर पिंग लागला तर पॅकेट ब्रिजवरून पळतंय. बोगदा मोड सुरू राहिलाय का आणि नोड-आयपी बरोबर आहे का, ते पाहा.

## ७. क्लस्टरला बीजीपीत आणा

सिलियमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यासाठी तीन रिसोर्स लागतात: क्लस्टर-कॉन्फिग (कुठल्या नोडने कुणाशी बोलायचं), पीअर-कॉन्फिग (टायमर वगैरे) आणि अॅडव्हर्टाइजमेंट (काय जाहीर करायचं). आपल्या मांडणीत प्रत्येक नोडला लीफचा पत्ता वेगळा आहे, म्हणून क्लस्टर-कॉन्फिगही नोडगणिक एक लिहा.

पीअर-कॉन्फिग अॅडव्हर्टाइजमेंटला नावाने नव्हे, लेबलने ओळखतो. लेबल जुळलं नाही तर सेशन एस्टॅब्लिश्ड, जाहीर केलेले रूट शून्य, आणि लॉगमध्ये काहीच बोंब नाही. ‘सगळं हिरवं आहे पण चालत नाही’ अशी स्थिती आली की आधी हेच पाहा. सर्व्हिस जाहीर करतानाही तसंच: सिलेक्टर लिहिला नाही तर एकही सर्व्हिस निवडली जात नाही.

सिलियम लीफकडून आलेले रूट कर्नलमध्ये टाकत नाही. तो फक्त जाहीर करतो. म्हणूनच चौथ्या टप्प्यातला १०.०.०.०/८ चा स्थिर रूट अनिवार्य आहे. लीफ रूट पाठवतोय आणि नोडवर ते दिसत नाहीत, हा बग नाही.

लोडबॅलन्सरचा पत्ता दोन्ही रॅकमधून स्पाइनकडे येतो. एक रूट ६५१०१-६५२०१ मार्गे, दुसरा ६५१०२-६५२०२ मार्गे. लांबी सारखी, पण एएस वेगळे, म्हणून एफआरआर दोघांत वाटणी करत नाही, एकच निवडतो. स्पाइनवर ‘बेस्टपाथ एएस-पाथ मल्टिपाथ-रिलॅक्स’ लावा. त्यानंतरही एका क्लायंटची सगळी रहदारी एकाच रॅकमध्ये जाताना दिसेल, कारण कर्नल मुळात फक्त दोन टोकांच्या पत्त्यांवरून वाट निवडतो. पोर्टही मोजायचे असतील तर राउटरवर ‘फिब मल्टिपाथ हॅश पॉलिसी’ १ करा.

तपासा: लीफ१ वर त्याच्या दोन नोडचे /२४ थेट आणि पलीकडच्या रॅकचे /२४ दोन्ही स्पाइनमार्गे दिसायला हवेत.

## ८. पॅकेटची वाट सिद्ध करा

हा टप्पा गाळून पुढच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही. तीन पुरावे हवेत, आणि तिन्ही.

1. रॅक१ मधल्या पॉडवरून रॅक२ मधल्या पॉडकडे ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा). लीफ, स्पाइन, लीफ हे पत्ते याच क्रमाने यायला हवेत. आधी-नंतर एखादा हॉप कमी-जास्त दिसला तर चालतं. हे तीन चुकता कामा नयेत.
2. यजमान मशीनवर काइंडच्या डॉकर ब्रिजवर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा आणि पॉडच्या पत्त्यांचं गाळण ठेवा. पिंग चालू असताना तिथे शांतता हवी.
3. दोन्ही स्पाइनचे लीफकडे जाणारे सगळे इंटरफेस डाउन करा. रॅकपल्याडचा पिंग थांबला पाहिजे, आणि रॅकमधला पिंग चालू राहिला पाहिजे.

सावध: तिसऱ्या पुराव्यासाठी स्पाइनचा कंटेनर ‘पॉज’ करू नका. पॉजने फक्त प्रोसेस गोठतात. पॅकेट पुढे सरकवण्याचं काम कर्नल करतो आणि तो चालूच असतो. होल्ड टायमर (गप्प झालेल्या शेजाऱ्याची वाट पाहण्याची मुदत) संपेपर्यंत पिंग मजेत लागत राहतो. राउटरचं डोकं बंद पण हातपाय चालू अशी वेगळी चाचणी करायची असेल तेव्हा मात्र पॉज नेमका उपयोगी आहे.

एमटीयूही इथेच तपासा. पॉडवरून ‘तुकडे करू नका’ खूण लावून १४७२ बाइटचा पिंग जायला हवा, १४७३ चा नाही: २० बाइट आयपी हेडरचे, ८ आयसीएमपीचे, मिळून १५००. व्हीएक्सलॅन वापरत असाल तर आणखी ५० बाइट जातात आणि मर्यादा १४२२ वर येते.

## ९. बिघाड घडवा, पण कुठला ते नीट समजून

लिंक तोडणं. वीथच्या (दोन कंटेनर जोडणाऱ्या आभासी केबलच्या) एका टोकाला डाउन केलं की दुसऱ्या टोकालाही लगेच कळतं आणि बीजीपी सेशन त्याच क्षणी पडतं. खऱ्या डेटा सेंटरमधला त्रासदायक बिघाड असा नसतो. तिथे दिवा हिरवा असतो आणि पॅकेट गळतात. तो घडवायला कंटेनरलॅबच्या नेटएम (विलंब आणि लॉस घडवणाऱ्या) साधनाने इंटरफेसवर १०० टक्के लॉस लावा. आता शोध होल्ड टायमरवर अवलंबून राहतो: एफआरआरमध्ये सहसा १८० सेकंद, सिलियममध्ये ९०, आणि दोघांमधल्या सेशनला यातला लहान आकडा लागू होतो. दीड मिनिट रहदारी शून्यात जाते. अॅप्लिकेशनने ते सोसायला हवं की टायमर आवळायला हवेत, हा निर्णय घेण्यासाठीच ही लॅब आहे.

विलंब. नेटएम फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेला लागतो. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद हवे असतील तर दोन्ही टोकांना २०-२० लावा. जिटर (विलंबातला चढउतार) जोडला की पॅकेटांचा क्रमही बदलतो, हे विसरलात तर टीसीपीचा वेग का घसरला याचं कारण भलतीकडे शोधत बसाल. नेटएमची रांग मुळात १००० पॅकेटांची असते. १०० मिलिसेकंद विलंबात १५०० बाइटची पॅकेटं धरली तर सेकंदाला सुमारे १२० मेगाबिटवरच ती भरते आणि न मागितलेला लॉस सुरू होतो. मर्यादा वाढवा.

लॉस. वीथवर कर्नल टीसीपीचे तुकडे न करता ६४ केबीपर्यंतचे गठ्ठे पुढे ढकलतो. नेटएम तो अख्खा गठ्ठा एक पॅकेट समजून टाकतो, म्हणून १ टक्का लॉस प्रत्यक्षात फार वेगळा वागतो. मोजमापाआधी दोन्ही टोकांना इथटूलने टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ (असे गठ्ठे करणाऱ्या ऑफलोड सोयी) बंद करा. टीसीपीडंपमध्ये एमटीयूपेक्षा मोठी पॅकेटं किंवा ‘चेकसम चुकीचा’ अशी नोंद दिसण्याचं मूळही याच ऑफलोडमध्ये आहे. तो दोष नाही.

नोड वेगळा पाडणं. इथे ही लॅब वास्तवापासून सगळ्यात दूर जाते. वर्कर३ ची ईथ१ तोडली तरी नोड ‘रेडी’च राहतो, कारण कुबलेट एपीआय सर्व्हरशी डॉकर ब्रिजवरून बोलतो. उलट दिशा मात्र ईथ१ वरून जाते, म्हणून त्या नोडवरच्या पॉडचे लॉग पाहायला गेलात तर आज्ञा लटकते. नोड खरोखर हरवल्यासारखा वागायला हवा असेल तर त्याच्या आत आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) कंट्रोल-प्लेनच्या १७२.१८ पत्त्यावरचं ६४४३ पोर्टही बंद करा. पाऊण मिनिटाच्या आसपास तो ‘नॉट रेडी’ होईल, आणि पॉड हलवायला डीफॉल्टने आणखी ३०० सेकंद लागतील. डॉकर नेटवर्कपासून नोड तोडून परत जोडण्याच्या वाटेला जाऊ नका. परत जोडताना पत्ता बदलू शकतो आणि क्लस्टर कायमचा लंगडा होतो.

एका वेळी एकच बिघाड घडवा, आणि तो काढल्यावर आठव्या टप्प्यातला ट्रेसराउट पुन्हा चालवा. आदल्या चाचणीचा विसरलेला नेटएम नियम पुढच्या सगळ्या आकड्यांची माती करतो.

## १०. पाडताना

आधी कंटेनरलॅबची टोपोलॉजी ‘क्लीनअप’ पर्यायासह पाडा, मग काइंडचा क्लस्टर.

लॅपटॉप रीबूट झाला किंवा डॉकर रीस्टार्ट झाला, तर काइंडचे कंटेनर परत उठतात पण ईथ१ परत येत नाही, कारण नेटवर्क नेमस्पेस (कंटेनरचा स्वतंत्र नेटवर्क-कप्पा) नव्याने बनलेला असतो. अशा वेळी लिंक हाताने जोडत बसू नका. तिसऱ्या टप्प्यापासूनचं सगळं एका स्क्रिप्टमध्ये ठेवा, प्रत्येक ‘तपासा’ त्यातच घाला, आणि एकही तपासणी फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबू द्या. सहाव्या टप्प्यातला न लागायला हवा असलेला पिंगही त्यात हवा: तो लागला तर स्क्रिप्टने लाल दाखवलं पाहिजे.